लंडनच्या धुराची सातशे वर्षे

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर न्यूकॅसलच्या आसपास दगडी कोळशाचे थर जमिनीच्या अगदी वर येतात. तेराव्या शतकात हा कोळसा गलबतांत भरून लंडनला येऊ लागला. समुद्रमार्गे येई म्हणून लोक त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. शहरातल्या चुनाभट्ट्यांना आणि लोहारांना तो परवडे, पण घरात त्याला सहसा कोणी शिवत नसे. जळताना त्यातल्या गंधकाचा उग्र दर्प सुटे आणि भिंतींवर चिकट काजळी धरे. घरोघरी लाकूड किंवा लोणारी कोळसाच जळत असे. तरी भट्ट्यांच्या धुराबद्दल इतका बोभाटा झाला की १२८५ मध्ये राजा पहिला एडवर्ड याने चौकशीसाठी माणसे नेमली. १३०७ मध्ये चुनाभट्ट्यांत समुद्री कोळसा जाळू नये, पूर्वीसारखे लाकूड किंवा लोणारी कोळसा वापरावा, असा हुकूम त्याने काढला. हुकूम निघाला, भट्ट्या मात्र तशाच चालू राहिल्या. १३४८ नंतर प्लेगच्या साथीने लोकसंख्या घटली, तोडलेली राने पुन्हा वाढली, सरपण स्वस्त झाले आणि तक्रारी आपोआप थंडावल्या.

सोळाव्या शतकात परिस्थिती उलटली. शहर फुगत गेले. जहाजबांधणी, लोखंडाच्या भट्ट्या आणि घरबांधणी यांत लाकूड संपू लागले आणि सरपणाचे भाव इतर जिनसांपेक्षा वेगाने चढले. पहिल्या एलिझाबेथच्या काळात आधी गरिबांच्या आणि मग श्रीमंतांच्याही घरांत कोळसा शिरला. त्याचा धूर घरात कोंडू नये म्हणून विटांच्या चिमण्या बांधल्या गेल्या आणि खोलीच्या मध्यभागी पेटणारा जाळ भिंतीतल्या अरुंद शेगडीत गेला. १७०० च्या सुमारास लंडनला दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास कोळसा लागत होता.

उघड्या शेगडीचे गणित

हा कोळसा ‘बिट्युमिनस’ जातीचा, म्हणजे डांबरी द्रव्ये अधिक असलेला. पेटत्या निखाऱ्यांवर त्याचे नवे ढेकूळ टाकले की ते तापते आणि पेट घेण्याआधीच त्यातून वायू व डांबराची वाफ बाहेर पडते. भट्टीचे तापमान पुरेसे असेल आणि वरून हवा नीट मिळत असेल, तर ही वाफ जळून जाते. घरातल्या उघड्या शेगडीत तेवढी आच नसते. वाफ न जळताच चिमणीतून वर जाते आणि थंड होताना तिचे काजळीत व डांबराच्या थेंबांत रूपांतर होते. उष्णतेचा मोठा भागही चिमणीवाटेच निघून जातो. कारखान्यात भट्टीवाला हाताखाली असतो. थोडा थोडा कोळसा टाकून धूर कमी ठेवायला त्याला शिकवता येते. घरात सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी कामावरून परतल्यावर प्रत्येक बिऱ्हाड एकाच वेळी शेगडी पेटवते. धूर बुटक्या चिमण्यांतून छपरांच्या उंचीवर सुटतो आणि गल्लीतच घुटमळतो.

समकालीनांना मात्र हे असे दिसले नाही. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन या गृहस्थाने ‘फ्युमिफ्युजियम’ हे पुस्तक लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केले. लंडनच्या धुराने फुफ्फुसे कशी पोखरली जातात, कपडे आणि चित्रे कशी काळवंडतात, फुलझाडे कशी कोमेजतात याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. दोष त्याने दिला तो दारू गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे, मीठ आणि साबण तयार करणारे यांच्या भट्ट्यांना. स्वयंपाकाच्या जाळाचा धूर क्षुल्लक असतो, तो जाणवतही नाही, असे त्याने आवर्जून नोंदवले. भट्ट्या शहराबाहेर खाली नदीकाठी हलवाव्यात आणि शहराभोवती सुगंधी झुडपांच्या बागा लावाव्यात, अशी त्याची योजना होती. राजाने ती ऐकून घेतली, पण तिची अंमलबजावणी झाली नाही. १६६६ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, तेव्हा सेंट पॉलचे कॅथीड्रल नव्याने उभारायला पैसा उभा केला गेला तो लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर कर बसवून. पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाची ती इमारत त्याच कोळशाच्या धुराने पुढे काळी पडत गेली.

चिमण्या साफ करायला लहान मुले लागत. चार-सहा वर्षांच्या पोरांना अरुंद नळीत चढवून काजळी खरवडून काढायला लावत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने चिमणी झाडणाऱ्यांना होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीमुळे होतो, असे दाखवून दिले. एखाद्या धंद्यातील पदार्थ कर्करोगाला कारण ठरतो, हे प्रथमच स्पष्टपणे मांडले गेले. मुलांना चिमणीत चढवण्याविरुद्ध १७८८ पासून एकामागून एक कायदे झाले. १८७५ च्या कायद्याने ही प्रथा अखेर बंद पडली.

धुराड्यांवर कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनची वस्ती दहा लाखांच्या घरात होती, शतकाच्या अखेरीस ती साठ लाखांपलीकडे गेली. वाफेची इंजिने आली आणि कारखान्यांची उंच धुराडी दुरूनही दिसू लागली. संसदेचे लक्ष त्यांच्याकडेच गेले. १८२१ च्या कायद्याने वाफेच्या इंजिनाच्या धुराविरुद्ध खटला भरणाऱ्याला खर्च मिळवून देण्याची तरतूद केली. १८५३ मध्ये गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांनी लंडनपुरता कडक कायदा आणला. कारखान्यांच्या भट्ट्या आणि थेम्स नदीतल्या आगबोटी यांनी आपला धूर आपणच जाळून टाकावा, असे त्याचे बंधन होते आणि अंमलबजावणी पोलिसांकडे होती.

१८७५ आणि १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यांत धुराची कलमे पुन्हा आली, तेव्हा धूर ‘काळा’ असला तरच गुन्हा ठरे. कारखानदारांचे वकील न्यायालयात सांगत की अशिलाच्या धुराड्यातून निघालेला धूर काळा नव्हता, गडद तपकिरी होता. मालकाने ‘शक्य तेवढे’ उपाय केले असले तर तो सुटे. सिद्ध झालेल्या गुन्ह्याचा दंडही मोठ्या गिरणीमालकाला किरकोळच वाटे. राहत्या घरांच्या चिमण्या तर या कायद्यांतून वगळलेल्याच होत्या. १८८० च्या दशकात घरगुती धुरावर नियंत्रण आणणारी विधेयके हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अनेकदा मांडली गेली, पण एकही पार पडले नाही. इंग्रज माणसाच्या बैठकीच्या खोलीत सरकारी निरीक्षकाने पाऊल टाकावे, ही कल्पनाच बहुतेकांना असह्य होती. शिवाय एका खोलीत राहणाऱ्या मजूर कुटुंबाचा स्वयंपाक, ऊब आणि ओले कपडे वाळवणे हे सारे त्या एका शेगडीवर चाले. तिला पर्याय द्यायचा कोणता, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

दरम्यान हिवाळ्यातले धुके दाट, पिवळट आणि जीवघेणे होत चालले. डिसेंबर १८७३ मध्ये इझ्लिंग्टनच्या सभागृहात गुरांचे प्रदर्शन भरले असताना पोसलेली बक्षीसपात्र जनावरे धुक्यात गुदमरून मेली. माणसांच्या मृत्यूंची नोंद पाहिली तेव्हा खोकला आणि दम्याचे बळीही एकदम वाढलेले दिसले. १८८० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेच पुन्हा घडले. रोलो रसेल यांनी त्याच वर्षी लंडनच्या धुक्यावर पुस्तिका लिहिली आणि मुख्य अपराधी घराघरांतली शेगडी आहे, असे स्पष्ट सांगितले. १८९८ मध्ये विल्यम ब्लेक रिचमंड या चित्रकाराच्या पुढाकाराने कोळशाच्या धुराविरुद्ध एक संस्था स्थापन झाली. धूर आणि धुके मिळून होणाऱ्या या मिश्रणाला ‘स्मॉग’ हे नाव रूढ करणारे डॉ. हेन्री दे व्हो हे याच संस्थेचे पदाधिकारी होते. मराठीत त्याला ‘धुरके’ म्हणतात. १९२१ मध्ये सरकारने धुराबाबत नेमलेल्या न्यूटन समितीनेही घरगुती धुराकडे बोट दाखवले. तरी १९२६ च्या कायद्यात घरे पुन्हा वगळली गेली.

मुंबईचा धूर

कारखान्याच्या धुराड्याकडे पाहणारी ही कायद्याची नजर साम्राज्यातही पोचली. कलकत्ता आणि हावडा यांच्यासाठी १८६३ मध्ये धूरविरोधी कायदा झाला. १९०५ मध्ये बंगालसाठी नवा कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ १९१२ मध्ये मुंबई प्रांताचा. गिरणगावातल्या धुराड्यांवर निरीक्षकांची देखरेख आली. धूर किती गडद आहे हे ठरवायला ‘रिंगेलमन तक्ता’ वापरला जाई. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमी-अधिक दाट जाळ्या छापलेल्या असत. निरीक्षकाने तक्ता डोळ्यांसमोर धरायचा, धुराड्यातल्या धुराशी ताडून पाहायचा आणि क्रमांक टिपून घ्यायचा. ‘काळा की तपकिरी’ हा वाद त्यामुळे निकालात निघे.

मुंबईत मोठा बदल घडला तो इंधन बदलल्यामुळे. गिरण्यांना कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागे आणि तो महाग पडे. सह्याद्रीत पावसाचे पाणी अडवून त्यावर वीज निर्माण करण्याची जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्षात आली. लोणावळ्याजवळच्या तलावांतले पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीजपुरवठा सुरू झाला. ज्या गिरण्यांनी वीज घेतली, त्यांच्या यंत्रांना कोळशाच्या बॉयलरची गरज उरली नाही. घरातला धूर मुंबईत निराळ्या प्रकारचा होता. इथल्या हवेत ऊब मिळवण्यासाठी कोळसा जाळावा लागत नव्हता. जाळ लागे तो केवळ स्वयंपाकाला, म्हणून लंडनसारखे धुरके इथे साचले नाही.

डिसेंबर १९५२

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात होते. चांगला कोळसा परदेशी विकून परकीय चलन मिळवायचे आणि घरच्या लोकांनी भुकटीमिश्रित हलका कोळसा जाळायचा, असा व्यवहार होता. हा ‘नटी स्लॅक’ १ डिसेंबर १९५२ पासून रेशनबाहेर काढला गेला. त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती, म्हणून लोकांनी शेगड्या भरभरून पेटवल्या. बॅटरसी, फुलहॅम, ग्रिनिच आणि बँकसाइड ही कोळशावरची वीजगृहे शहराच्या आतच होती. शेवटची ट्राम त्याच वर्षी जुलैत धावली होती आणि तिची जागा डिझेलच्या बसने घेतली होती.

शुक्रवार, ५ डिसेंबरला दक्षिण इंग्लंडवर प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाच्या हवेचा पट्टा, स्थिरावला. वारा पडला. थेम्सच्या खोऱ्यात जमिनीलगतची हवा थंड राहिली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर आला. एरवी जमिनीलगतची गरम हवा धूर घेऊन वर जाते. तापमानाची ही विपरीतता आली की तो रस्ता बंद होतो आणि धूर शंभर-दोनशे मीटर उंचीच्या छपराखाली कोंडला जातो. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजानुसार त्या दिवसांत रोज १,००० टन धुराचे कण, १४० टन हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १४ टन फ्लोरिनची संयुगे हवेत मिसळत होती. शिवाय ३७० टन सल्फर डायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होत होते. हे आम्ल धुक्याच्या थेंबांत विरघळून श्वासाबरोबर आत जाई.

शनिवार-रविवारी शहर अक्षरशः आंधळे झाले. बसचा कंडक्टर हातात दिवा घेऊन पुढे चाले आणि ड्रायव्हर त्या दिव्याच्या मागे गाडी ढकले. मग बस बंदच पडल्या, जमिनीखालची रेल्वे तेवढी चालू राहिली. आयल ऑफ डॉग्ज भागात लोकांना स्वतःचे पायही दिसत नव्हते. धुरके दारांच्या फटींतून आत शिरले. सोमवारी सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ‘ला त्राव्हिआता’ हा ऑपेरा पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला, कारण प्रेक्षकांना खोकल्याच्या ढासेमुळे बसवेना आणि रंगमंचही दिसेना. अर्ल्स कोर्टच्या गुरांच्या प्रदर्शनात पुन्हा जनावरे गुदमरली. मंगळवारी, ९ डिसेंबरला पश्चिमेकडून वारा आला आणि धुरके पांगले.

काय घडले याचा अंदाज तत्काळ आला नाही. माणसे रस्त्यात कोसळली नव्हती. ती आपापल्या घरी आणि रुग्णालयांत, श्वासनलिकादाह आणि न्यूमोनियाने गेली होती. बहुतेक वृद्ध, लहान बाळे आणि आधीच दमेकरी असलेले. शवपेट्या आणि फुले संपली, तेव्हा अंत्यसंस्कारांचा धंदा करणाऱ्यांच्या ध्यानात संख्या आली. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहन्लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. सरकारी अहवालाने धुरक्याचे बळी सुमारे ४,००० धरले आणि पुढच्या महिन्यांतले वाढीव मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकले. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी आकड्यांची फेरतपासणी करून बळींची संख्या १२,००० च्या आसपास असावी, असे मत मांडले.

शेगडीपर्यंत पोचलेला कायदा

गृहनिर्माणमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांना सुरुवातीला नव्या कायद्याची गरज वाटली नाही. वर्तमानपत्रांचा आणि विरोधी खासदारांचा रेटा वाढला, तेव्हा जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बीव्हर हे अभियंते आणि उद्योजक होते. त्यांच्या समितीने आरोग्याबरोबर हिशेबही मांडला. काळवंडलेल्या इमारती, धुलाई, गंजलेले लोखंड आणि वाया गेलेली उष्णता धरून हवेच्या प्रदूषणाचा देशाला वर्षाकाठी सुमारे २५ कोटी पौंडांचा फटका बसतो. देशात जळणाऱ्या कोळशाचा पाचवा हिस्साही घरांत जळत नाही, पण धुराचा जवळजवळ निम्मा वाटा घरांचा असतो. हा आकडा पुढे आल्यावर घरांना वगळणे अवघड झाले.

समितीचा अंतिम अहवाल नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. सरकार चालढकल करते आहे असे दिसताच सत्ताधारी पक्षाचेच खासदार जेराल्ड नबारो यांनी १९५५ मध्ये अशासकीय विधेयक आणले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे वचन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. ५ जुलै १९५६ रोजी ‘स्वच्छ हवा कायदा’ संमत झाला. त्यात तीन गोष्टी होत्या. कोणत्याही चिमणीतून गडद धूर सोडणे गुन्हा ठरला आणि गडद म्हणजे काय हे रिंगेलमन तक्त्यावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या छटेने ठरले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत ‘धूरनियंत्रण क्षेत्रे’ जाहीर करून तिथे कोक किंवा अँथ्रासाइटसारखे निर्धूर इंधनच जाळायला लावण्याचा अधिकार मिळाला. आणि अशा क्षेत्रातल्या घरमालकाला जुनी शेगडी बदलण्याच्या खर्चाचा किमान सात-दशांश भाग सार्वजनिक पैशातून मिळू लागला. त्यातले चार-दशांश केंद्र सरकार देई.

अनुदानाचे हे कलम आधीच्या कोणत्याही धूरकायद्यात नव्हते. तरी अंमल सावकाश झाला. निर्धूर इंधनाचा तुटवडा होता. खाणपट्ट्यातल्या गावांत खाणकामगारांना पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळे, तिथल्या नगर परिषदा धूरनियंत्रण क्षेत्रे जाहीर करायला तयार नसत. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा चार दिवस धुरके बसले. धूर १९५२ पेक्षा कमी होता, सल्फर डायऑक्साइड मात्र तेव्हाइतकेच, किंबहुना थोडे अधिक होते आणि शेकडो माणसे दगावली. काजळी कमी झाली म्हणून गंधक कमी होत नाही, हे त्यातून दिसले. १९६८ च्या दुसऱ्या कायद्याने नियंत्रण आणखी घट्ट केले आणि कारखान्यांच्या धुराड्यांची उंची वाढवायला लावली.

प्रश्न मुळातून सुटला तो उत्तर समुद्रातल्या वायूमुळे. १९६५ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ पासून दहा वर्षांत देशभरची सुमारे चार कोटी उपकरणे कोळशापासून बनवलेल्या जुन्या वायूऐवजी नव्या वायूवर चालतील अशी बदलण्यात आली. स्वस्त वायूवर चालणारी मध्यवर्ती उष्णता-यंत्रणा मध्यमवर्गाच्या आणि मग कामगारांच्या घरांत आली. शेगडी पेटवणे, राख काढणे, कोळशाच्या गोण्या उतरवून घेणे या कष्टांतून सुटका होत असल्यामुळे लोकांनी हा बदल आनंदाने स्वीकारला. इमारती धुऊन काढण्याचे काम सुरू झाले. सेंट पॉलचा दगड पुन्हा पांढरा दिसू लागला. पंतप्रधानांचे निवासस्थान असलेल्या १०, डाउनिंग स्ट्रीटची दुरुस्ती सुरू असताना कळले की त्याच्या प्रसिद्ध काळ्या विटा मुळात पिवळ्या आहेत आणि काळेपणा दोनशे वर्षांच्या काजळीचा आहे. लोकांना ओळखीचे रूप कायम ठेवण्यासाठी त्या स्वच्छ केल्यावर काळ्या रंगाने रंगवण्यात आल्या.

कोळशाचे धुरके गेल्यानंतर लंडनच्या हवेतला दोष मोटारींकडे वळला. डिझेलच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात खोलवर जातात. डिसेंबर १९९१ मध्ये वारा पडलेला असताना नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण अचानक चढले, तेव्हा नव्या संकटाची जाणीव झाली. २०१३ मध्ये दमेकरी असलेली नऊ वर्षांची एक लंडनची मुलगी दगावली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचा स्पष्ट उल्लेख केला. एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचा आकार बसू लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये हे क्षेत्र शहराच्या सर्व प्रशासकीय विभागांपर्यंत वाढले. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला महापौरांच्या योजनेतून पैसे देण्यात आले. शेगड्यांसाठी १९५६ च्या कायद्याने जे सूत्र बांधले होते, ते मनाई, अनुदान आणि हाताशी असलेला पर्याय यांचेच होते. मोटारींच्या बाबतीतही लंडनने तेच सूत्र पुन्हा वापरले.